शौर्य शिकवता येते का?

शूर माणूस जन्मावाच लागतो, असे आपण सहज म्हणून जातो. मुंबई अग्निशमन दलाचा अनुभव मात्र वेगळा आहे. तिथे भरतीच्या चाचणीतच उमेदवाराला १९ फुटांवरून खाली धरलेल्या चादरीत उडी घ्यावी लागते, ५० किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन धावावे लागते. पुढे प्रशिक्षणात शिडी, दोर, पाण्याचा पाईप यांचा सराव होतो. धूर वर चढतो म्हणून जमिनीलगत सरपटायचे, भिंतीवरचा हात सोडायचा नाही, एकट्याने आत शिरायचे नाही, हे अंगात मुरेपर्यंत घोटून घेतले जाते. भीती जात नाही. पण हातपाय तिची परवानगी मागत नाहीत.

तरीही सराव जिवाची हमी देत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या पेटलेल्या बोटीचा स्फोट झाला, तेव्हा दलाचे ६६ जण कामी आले.

मग प्रश्न आपल्यापाशी येतो. त्यांनी जीव पणाला लावायची तयारी करायची आणि आपण जिन्यात जुनी कपाटे, सायकली, चपलांची मांडणी रचायची, हे न्याय्य आहे का? त्यांच्या शौर्यामुळे आपले कर्तव्य संपत नाही. उलट ते वाढते. शेजाऱ्यावरील प्रेमालाही रोजचा सराव लागतो. आज घरी जाताना आपण आपलाच जिना नीट पाहू या.