लांबची वाट आणि घरचा उंबरठा

आम्ही राहतो त्या वस्तीचे नाव जरीपटका. जरीपटका म्हणजे मराठेशाहीचे निशाण. नाव असे असले तरी १९४७ च्या फाळणीनंतर येथे मोठ्या संख्येने वसली ती सिंधमधून उखडून आलेली कुटुंबे. आज आमच्या गल्लीत एका घरी झुलेलालची आरती चालते, तर दुसऱ्या घरी हरिपाठ. आमच्या शेजारचे घर असेच सिंधी. त्या घरचा नातू पंचविशीचा आहे, आणि तो डोंगरातून धावतो.

धावतो म्हणजे मैदानाला चार फेऱ्या मारतो असे नव्हे. पहाटे चारला उठून सेमिनरी हिल्सच्या झाडीत जातो, सुटी असली की रामटेकच्या टेकडीवर जातो, आणि दोन-दोन, तीन-तीन तास दगडधोंड्यांतून पळतो. पुण्याकडे सिंहगडावरून राजगड आणि तेथून तोरणा अशी ५३ किलोमीटरची डोंगरधाव असते, तिला तो दोन वेळा जाऊन आला. युरोपात मॉन्ट ब्लांक पर्वताला वळसा घालून सुमारे १७० किलोमीटर धावतात, माणसे एक-दोन रात्री झोपत नाहीत, असेही त्याने आम्हांस सांगितले. आम्ही म्हटले, "अरे, हे कशासाठी?" तो म्हणाला, "महाराज, याने माणूस घडतो. धीर येतो. रोजच्या जगण्यात कामाला येतं नं ते."

त्याची आई दारातच उभी होती. ती म्हणाली, "पन्नास किलोमीटर पळतो, पण गिरणीतून पीठ आणायला सांगितलं की याचे पाय दुखतात."

आम्ही हसलो खरे, परंतु त्या माउलीचे बोलणे काही मनातून जाईना. कारण पिठाचा तो डबा आमच्याही घरी होता.

आमच्या एकतीस वाऱ्या झाल्या. आळंदीहून पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर, अठरा-वीस दिवस. दिवे घाटात पावसात भिजलो, पायाला फोड आले, शेतात चिखलावर ताडपत्री टाकून झोपलो. कोणी पाय तुडवला तर त्यालाच 'माउली' म्हणून नमस्कार केला. वारी सहनशीलता शिकवते, हे आम्ही कीर्तनात किती वेळा सांगितले त्याची गणती नाही. २०१९ च्या दिवाळीनंतर आमच्या सौभाग्यवतींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. पुढे २०२० साली साथीमुळे वारी पायी निघालीच नाही, माउलींच्या पादुका एस.टी. बसने पंढरपुरास नेल्या. एरवी आषाढीच्या त्या दिवसांत आम्ही वाटेवर असायचे, ते घरात कोंडलो. एका रात्री त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली, कूस बदलायची होती. आम्ही उठलो आणि तोंडातून निघून गेले, "किती वेळा उठायचं माणसानं?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, वारीत कुणाला असं बोलला होतात का कधी?"

आम्हांस उत्तर नव्हते. एकतीस वर्षांची कमाई अंथरुणापासून अंथरुणापर्यंतही पोचली नव्हती. तेव्हा प्रश्न असा, की लांबच्या वाटेवर कमावलेला गुण घरात येतो की नाही? आणि येत असेल तर कोणत्या वाटेने येतो?

लहानपणी पाठशाळेत अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह आम्ही घोकला. त्यात संस्कार नावाचा गुण तीन प्रकारचा सांगितला आहे: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. त्या वयात ते नुसते पाठ झाले. पन्नास वर्षांनी, त्या रात्रीनंतर, त्याचा अर्थ कळू लागला. वेग म्हणजे फेकलेल्या दगडाला पुढे नेणारा. भावना आत्म्यात राहते. ती अनुभवातून उपजते आणि स्मरणाला कारण होते. स्थितिस्थापक म्हणजे ओढून वेगळे केलेल्या वस्तूला पुन्हा मूळच्या स्थितीत आणणारा. याचे उदाहरण चटईचे देतात. गुंडाळून ठेवलेली चटई पसरा, वर बसा, उठा, ती पुन्हा गुंडाळते.

आता आपला वारकरी पाहा, किंवा तो डोंगरातला धावपटू पाहा. त्याला वेग मिळतो, यात शंका नाही. मांड्या टणक होतात, दम वाढतो. परंतु वेग हा गतीबरोबर असतो, दगड जमिनीवर पडला की संपला. शास्त्र तर असेही सांगते की वेग मनातही राहतो. म्हणून पुष्कळ जण वाट संपली तरी मनाने पळतच असतात, आणि घरातली संथ माणसे त्यांना आडवी आल्यासारखी वाटतात. आमचे त्या रात्री तेच झाले असावे. बाकी उरतो तो स्थितिस्थापक. अठरा दिवस आम्ही पसरलेली चटई होतो. पंढरपूरहून परतलो, उंबरठा ओलांडला, आणि आपोआप गुंडाळलो. पीठ आणणाऱ्या पायांचेही गुपित हेच.

उरली भावना. कोणी शास्त्रीबुवा येथे आक्षेप घेतील की भावना स्मृतीचे कारण आहे, सद्गुणाचे नव्हे. तुम्ही तिच्यावर भलताच भार टाकता. आक्षेप योग्य आहे. परंतु आम्ही एवढेच विचारतो, की ऐन वेळी जे आठवले नाही तो गुण असून काय उपयोगाचा? त्या रात्री आम्हांस वारी आठवली असती तर ते शब्द निघाले नसते. आठवण सौभाग्यवतींनी दिली. संस्कार आत असला तरी त्याला जागे करणारे काही तरी लागते, त्याला उद्बोधक म्हणतात. सारखी वस्तू दिसली की सारखी आठवते. आमची अडचण अशी होती की दिवे घाट आणि आजारी माणसाची खाट यांत आम्हांस काहीच सारखे दिसत नव्हते.

ते दिसू लागले त्या पोराच्या बोलण्यातून. परवाच्या हिवाळ्यात तो दुसऱ्यांदा सह्याद्रीतल्या त्या धावेहून परत आला, तर गळ्यात पदक नाही. विचारले. तर म्हणे, राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याकडे डोंगराची सोंड जाते, तेथे एका अनोळखी माणसाचा पाय मुरगळला. हा त्याच्यापाशी थांबला, त्याला धरून हळूहळू खाली आणले. वेळेची मर्यादा टळून गेली. वडील म्हणाले पैसे फुकट गेले. आम्ही म्हटले, "वाईट वाटलं का?" म्हणाला, "वाटलं नं. खोटं कशाला सांगू." आम्हांस त्याचे हे उत्तर फार आवडले.

मग तो आणखी सांगत बसला. त्यातले बरेच आम्हांस नवीन होते. आमची समजूत अशी की हे लोक चढही पळत चढतात. तो म्हणाला, "नाही महाराज, खड्या चढावर बहुतेक जण चालतातच." चढाने दम लागतो, परंतु पाय मोडतो तो उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या स्थितीत भार झेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. तहान लागली म्हणून नुसते पाणीच पाणी पीत सुटले तर रक्तातले मीठ कमी होऊन माणूस भ्रमिष्ट होतो, प्रसंगी दगावतो. आणि तोरणा किती दूर आहे हे विचारायचे नाही, पाण्याचा पुढचा थांबा तेवढा विचारायचा.

हे ऐकताच आम्ही म्हटले, अरे, ही तर आमची भाषा! वारीत नवखा माणूस विचारतो, पंढरपूर किती राहिले? जुना वारकरी विचारतो, पुढचा विसावा कुठे? आजारपणातही अमुक महिन्यांनी बरे होईल का, हे विचारणारा खचतो. आमचे खचणे त्याच विचारण्याने झाले होते.

येथे एक सांगितले पाहिजे. दुखणाऱ्या गुडघ्याने हट्टाने पळत सुटणे याला आम्ही तप म्हणत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात मूढ हट्टाने स्वतःस पीडा करून केलेले तप तामस ठरवले आहे, आणि मानमरातबासाठी केलेले राजस. आमच्या एकतीस वाऱ्यांपैकी किती वाऱ्या आकडा सांगण्यासाठी झाल्या, हे पांडुरंग जाणे. वर आम्ही तो आकडा दोन वेळा लिहिलाच आहे. असो.

वारकरी धावत नाही असे कोणी समजू नये. वेळापूरजवळ उतारावर दिंड्या अक्षरशः धावत सुटतात, त्याला धावा म्हणतात. तुकोबारायांना तेथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावले, अशी परंपरा. परंतु त्या धावण्यात पहिला कोण आला हे कोणी विचारत नाही. वारीतली आणखी एक रीत आम्हांस धावण्याहून मोठी वाटते. मुक्कामी समाजआरतीला चोपदार दंड उंच करतात, हजारो टाळ एकदम शांत होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातात, ऐकतात, निवाडा करतात, मग आरती. गाऱ्हाणे दुसऱ्या दिवसाच्या वाटेवर न्यायचे नाही. ही रीत आम्ही एकतीस वेळा पाहिली (झाले चौथ्यांदा), परंतु घरात झोपताना कधी विचारले नाही की आज कोणाचा टाळ अजून वाजतो आहे.

आता सौभाग्यवतींना रोज चालवायचे असते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी खाटेपासून तुळशीपर्यंत नेऊन आणा असे सांगितले. चौतीस पावले. आम्ही पुढे होऊन हात धरून ओढत असू. दोन दिवस पाहून त्या बाई म्हणाल्या, "महाराज, पुढे नका राहू. दुबळ्या बाजूला, जरा मागे राहा. त्यांना त्यांच्या चालीनं चालू द्या, तोल गेला तरच हात लावा."

जरा मागे! दिंडीत पताका पुढे असते, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, आणि विणेकरी त्यांच्या मागे. ज्याला दिंडीत सर्वांत मान, तो मागून चालतो. इतकी वर्षे विणा आमच्या गळ्यात असे आणि आम्ही मागून चालत असू. ती चाल पायांना ठाऊक होती. घरात तिची आठवण करून देणारे कोणी नव्हते, ते एका परक्या बाईंच्या दोन शब्दांनी झाले. तेव्हापासून आम्ही उजव्या बाजूने, अर्धे पाऊल मागे चालतो. चिडणे अजून थांबलेले नाही, हेही लिहून ठेवतो. मागच्याच आठवड्यात औषधाच्या वेळेवरून आवाज चढला. परंतु दिवा मालवण्याआधी विचारून घेतले.

शेजारचा पोर हल्ली सकाळी धावून आला की घामाघूम तसाच अंगणाच्या फाटकाशी उभा राहतो आणि पावले मोजतो. परवा सत्ताविसाव्या पावलावर त्या थांबल्या. तो म्हणाला, "आजी, सातच राहिले." त्या भिंतीला टेकून म्हणाल्या, "राहू दे रे. आज विसावा इथेच. तू आधी घरी जा, तुझी आई पिठासाठी हाका मारते आहे."