ऐकणारा आणि गाणारा

बाड हॉम्बुर्गच्या कुरपार्कमध्ये १९व्या शतकात झऱ्यांचे औषधी पाणी प्यायला आलेल्या रुग्णांसाठी वाद्यवृंद वाजत असे. रुग्णाने स्वस्थ बसून ऐकावे, म्हणजे त्याला बरे वाटेल! डॉक्टर म्हणून मला हे पटते, पण अपुरे वाटते.

बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ ‘आनंदवन’ उभारले. तिथे डॉ. विकास आमटे यांनी २००२ साली ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद सुरू केला. त्यात कुष्ठमुक्त, अंध, अपंग कलाकार स्वतः गातात, वाजवतात. ‘हे व्यंगाचे प्रदर्शन नाही का?’ असे कुणी विचारील. मला वाटते, गाण्याला मनापासून दाद देणारा माणूस त्या क्षणी दाता राहत नाही, रसिक होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवलेल्या बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोगाचे जंतू मरतात. पण समाजाचा बहिष्कार उठवायला गोळी नाही.

वाचकहो, आपल्या उत्सवातही मागच्या खुर्च्यांवर भारतातून आलेल्या आजी, व्हीलचेअरमधले काका, अडखळत बोलणारा एखादा मुलगा असतोच. यंदा त्यांना नुसते ऐकवू नका; त्यांच्याकडे एक ओवी मागा, हातात टाळ द्या. गणरायाला आपण चौदा विद्या, चौसष्ट कलांचा अधिपती म्हणतो. त्याच्या दारी श्रोता म्हणून कुणाला कायमचे बसवून ठेवणे बरे नव्हे.