ज्ञानातला अंतराय

ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांना यश मिळायला काय लागतं, असं विचारलं की आपण पटकन म्हणतो, चांगला मोबाईल आणि मुलाची चिकाटी. मोबाईल, नेट हवंच. पण बाकीचं सगळं ओझं एकट्या मुलावर टाकावं का, हा मला नीतीचा प्रश्न वाटतो.

आपल्याकडे स्वाध्याय हे अंतरंग तप मानलंय. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात त्याचे पाच प्रकार आहेत. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे वाचणं, विचारणं, मनात घोळवणं, पुन्हा पुन्हा म्हणणं आणि दुसऱ्याला सांगणं. व्हिडिओ पाहून यातली फार तर वाचना होते. उरलेल्या चारांना शांत वेळ लागतो, आणि शंका विचारायला कोणीतरी लागतं.

ते माणूस समोरच हवं असं नाही. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ ते २००२ आपल्या मध्यप्रदेशात चालला. १९८२ पासून त्याची धुरा सांभाळणारी एकलव्य संस्था भोपाळचीच. त्यात खेड्यातली मुलं 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक माणसाला पत्रं लिहून प्रश्न विचारायची. पत्रातून पृच्छना जमली, तर मोबाईलवर का जमू नये? मुलांना विचारायची सवय मात्र लावायला हवी.

शांत वेळ घरानेच द्यायचा असतो. कोरोनात, जुलै २०२० मध्ये, इथे 'हमारा घर, हमारा विद्यालय' योजना आली. सकाळी दहाला घरच्यांनी घंटी नाहीतर थाळी वाजवून शाळा भरवायची, दुपारी एकला तशीच सोडायची. पुष्कळांना हसू आलं. मला ते शहाणपणाचं वाटलं. थाळी वाजली की घरालाही कळतं, आता तीन तास हाक मारायची नाही.

हाक जास्त कुणाला जाते, ते आपण बायका जाणतो. मुलाचा क्लास असला की 'हळू बोला गं'. मुलीचा असला की 'घरीच तर आहेस, दोन पोळ्या लाटून जा'. सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची, म्हणून संध्याकाळच्या क्लासमधून उठते ती मुलगीच. एक नियम पाळताना दुसरा मोडतो, हे ध्यानात येत नाही. कारण त्याच तत्त्वार्थसूत्रात ज्ञानावरण कर्माच्या आस्रवाची जी कारणं दिली आहेत, त्यांत अंतराय आहे. दुसऱ्याच्या ज्ञानात विघ्न आणणं.

कुणी म्हणेल, मुलीने घरात हातभार लावूच नये का? लावावा की. मुलानेही लावावा. पण क्लास संपल्यावर. पाणी गाळताना आपण न दिसणाऱ्या जीवाची काळजी करतो. समोर पुस्तक उघडून बसलेल्या लेकीची तेवढी तरी करू या. कणीक तासभर आधी भिजवली तर दोन्ही नियम पाळले जातील.