नवी चेन आणि पांढरा पाय

पायडलवर जोर दिला आणि पाय एकदम मोकळा गेला, की पहिली शिवी चेनला बसते. साहजिक आहे. चेन डोळ्यांना दिसते, हाताला काळं लावते, आवाजही तीच करते. पण जे समोर दिसतं तेच दोषी, असं धरून चालायची सवय सायकलपुरती राहत नाही. म्हणून आज थोडं सायकलबद्दल आणि मग आपल्याबद्दल बोलू.

समजा, तुमच्याकडे घडीची सायकल आहे. चाकं 16 इंची, मागच्या चाकाच्या हबमध्ये 3 गिअर. पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर, तिथून मार्गासनीवरून वेल्हे, तोरण्याच्या पायथ्याशी मुक्काम आणि परतताना पाबे घाट चढून खानापूरकडे उतरायचं, असा बेत आहे. सपाटीला सगळं छान चालतं. घाट लागतो, तुम्ही सीटवरून उठून जोर लावता आणि खट्! पाय खाली जातो, छाती हँडलवर आपटता आपटता वाचते. पुन्हा जोर, पुन्हा खट्.

दोष कुणाचा? घाटाचा नाही, एवढं लगेच कळतं. घाटाने दोष निर्माण केला नाही, फक्त उघडा पाडला. मग चेनचा? थांबा. आधी बघायचं की चेन दात्यांवरून खरंच उडते आहे का. हब गिअरच्या सायकलला मागे दात्यांचं एकच चक्र असतं, चेन इकडून तिकडे सरकत नाही. गिअर बदलतो तो हबच्या पोटात. मधोमध आसाला बसवलेलं एक दातेरी चाक, त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि बाहेरून सगळ्यांना कवेत घेणारं कडं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचे 3 गिअरचे हब विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून याच तत्त्वावर चालत आले. त्यांच्या गाजलेल्या जुन्या हबमध्ये गिअरची वायर थोडी ढिली-घट्ट झाली, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये अशी एक जागा यायची, जिथे कुठलाच गिअर लागलेला नसतो. पायडल रिकामं फिरतं आणि बसणाऱ्याला वाटतं, चेन सटकली. चेन मात्र जागची हललेलीसुद्धा नसते. घडीच्या सायकलीत ही वायर प्रत्येक घडीला वाकते, ओढली जाते, म्हणून तिच्यावर संशय आधी घ्यावा.

चेन खरंच उडत असेल, तर पुढची पायरी. बऱ्याच घडीच्या सायकलींना चेन ताणून धरणारा स्प्रिंगचा एक हात असतो, कारण घडी घालताना चेनला सैल व्हावं लागतं. ती स्प्रिंग मेली किंवा त्या हाताची चकती चिखलाने जाम झाली, तरी चेन दात्यांवर चढते. तेही ठीक असेल, तर पट्टी घ्यायची. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच असतो. म्हणजे 24 कड्यांचे 12 इंच. चेन रबरासारखी ताणली जात नाही. तिच्या पिना आणि त्यांच्याभोवतालचा भाग झिजतो आणि प्रत्येक सांध्यात केसभर जागा होते. 12 इंचांत 1/16 इंच वाढ दिसली, की चेन बदलायची वेळ झाली. 1/8 झाली, तर दातेही गेले असं समजायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चालवून बघायची. सगळं एकदम बदललं तर सायकल दुरुस्त होते, पण काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. आपल्याकडे गाजावाजा झाला की अधिकाऱ्याची बदली होते, तिचंही बऱ्याचदा असंच असतं.

आता खरी गंमत. चेन झिजलेली निघाली, तुम्ही नवी टाकली. नवीकोरी, तेल चोपडलेली. आणि घाटात ती जुनीपेक्षा जास्त उडायला लागली! जुनी काढून ठेवली होती, ती परत घातली, तर सायकल बऱ्यापैकी चालते. मग दोष नव्या चेनचा, हे सिद्धच झालं की नाही?

हा प्रश्न नवा नाही. आपल्या नैयायिकांनी कारण कशाला म्हणावं यावर फार बारकाईने विचार केला आहे. जिथे हे आहे तिथे ते आहे, हे नाही तिथे ते नाही, या कसोटीला ते अन्वय-व्यतिरेक म्हणतात. पण तेवढ्याने भागत नाही, हेही त्यांनी ओळखलं. त्यांचं आवडतं उदाहरण कुंभाराच्या गाढवाचं. गाढवाने माती वाहून आणली, मडकं झालं तेव्हा ते अंगणात उभंही होतं, पण म्हणून गाढव मडक्याचं कारण होत नाही. माती बैलगाडीतून आली असती, तरी मडकं झालंच असतं.

आपल्याकडे लग्न होऊन आलेल्या मुलीला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणतात, तेव्हा तिचं गाढव केलेलं असतं. ती आली आणि सासरे गेले, ती आली आणि धंदा बसला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढंच. हा अन्याय ओळखणं तसं सोपं आहे.

नव्या चेनची गोष्ट त्याहून अवघड आहे. ती गाढव नाही. ती आल्यामुळेच सायकल सटकते, हे खरं आहे. तशीच एखादी सून घरात येते आणि विचारते, बायका शेवटी का जेवतात? एखादा नवा कारकून म्हणतो, नियमाची फी तेवढीच घेईन. एखादी नवी शिक्षिका पटावरची खोटी हजेरी लिहायला नकार देते. त्यानंतर कटकटी सुरू होतात आणि लोक म्हणतात, ‘हे यायच्या आधी सगळं सुरळीत होतं.’ ते खोटं बोलत नसतात. सुरळीत होतंच.

पण कसं सुरळीत होतं, ते झिजलेल्या चेनकडे बघून कळतं. चेन आणि दाते वर्षानुवर्षं एकत्र झिजतात. चेनचा अर्धा इंच वाढत जातो, तसतसे दाते एका बाजूने खाल्ले जाऊन वाकड्या नखांसारखे होतात. दोघं एकमेकांना अगदी जुळतात, फक्त अर्ध्या इंचाला जुळत नाहीत. नवी चेन अर्ध्या इंचाची असते, म्हणून एकटी पडते. ती कारण आहे, पण दोषी नाही. कारण शोधणं आणि दोष ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला चाचणी पुरते, दुसऱ्याला माप लागतं.

इथे कुणी विचारेल, नवं ते नेहमी बरोबर कसं? नसतंच. चुकीच्या रुंदीची, एखादी कडी जाम असलेली नवी चेनही उडते. म्हणून तर पट्टी हवी. आणि माणसांच्या घरात, कचेरीत अर्ध्या इंचाची पट्टी कुठून आणायची? तयार पट्टी नाही, हे मान्य. पण एक प्रश्न विचारता येतो: हे सगळं जुळून राहावं म्हणून आजवर कोण झिजलं? ‘अ‍ॅडजस्ट कर’ हे वाक्य त्या घरात दर वेळी एकाच माणसाला ऐकवलं जात असेल, तर तिथला सुरळीतपणा झिजेचा आहे. आणि नव्या माणसाने केलेली मागणी तो इतरांसाठीही मान्य करतो की फक्त स्वतःसाठी, हेही बघावं. कारकुनाची ती नियमाची फी त्याच्या ओळखीच्यांनाही लागू आहे ना?

आणखी एक. झिजलेल्या दात्यांनी काही गुन्हा केलेला नसतो. ते कामाने झिजले. ज्या सासूने तीस वर्षं शेवटी जेवून काढली, तिला खलनायिका ठरवून काही हाती लागत नाही. सायकलचे दाते पान्ह्याने काढून टाकता येतात, माणूस टाकता येत नाही आणि टाकायचाही नसतो. पण माणसाला विचारता येतं आणि तो बदलूही शकतो. दात्यांना ती सोय नाही.

खिशात पैसे नसले, तर जुनी चेन आणि जुने दाते दोन्ही संपेपर्यंत चालवावेत, असं अनेकजण करतात. त्यात गैर काही नाही. फक्त तेव्हा आपण नव्या चेनला जागा ठेवलेली नाही, हे ठाऊक असावं. आणि उद्या ती आणून घातली आणि घाटात सटकली, तर शिवी देण्याआधी खाली उतरून दाते बघावेत.