लपणातला माणूस

पक्ष्याला फसवले तर ती फसवणूक होते का? आमच्या स्टाफरूममध्ये या प्रश्नावर हशा पिकला होता. पण प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

पक्ष्यांचे छायाचित्र घेण्यासाठी जो आडोसा उभारतात त्याला ‘लपण’ म्हणतात. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनी १९०० च्या सुमारास चक्क पोकळ बैल बनवून आत कॅमेरा बसवला होता! पुढे गोणपाटाचे खोपटे पुरेसे ठरले. ते दूर उभारायचे, रोज थोडे जवळ सरकवायचे, कापड फडफडू नये म्हणून ताणून बांधायचे. मग दोघांनी आत शिरायचे आणि एकाने उघडपणे चालते व्हायचे. बहुतेक पक्ष्यांना हा हिशेब उमगत नाही. धोका टळला असे समजून मादी अंड्यांवर परतते.

हे खोटे बोलणेच झाले. शिकाऱ्याचे लपणही असेच असते. तोच आडोसा, तोच रोखलेला श्वास. फरक एवढाच, की तिथे गैरसमजाची किंमत पक्षी मोजतो आणि इथे त्याच गैरसमजामुळे तो निर्धास्त राहतो. टिटवीची अंडी उघड्या माळावर असतात. वैशाखात ती पोटाची पिसे भिजवून आणून त्यांना गारवा देते. तिच्यासमोर प्रामाणिकपणे उभा राहणारा माणूस ती अंडी उन्हात भाजून काढतो. असला प्रामाणिकपणा काय कामाचा?

म्हणून लपणात बसला तो निर्दोष, असेही नाही. चित्र स्वच्छ यावे म्हणून आडवी डहाळी छाटली, की घरटे कावळ्यालाही स्वच्छ दिसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हे ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच घातले आहे. बंदुकीची गरज नाही!

मुख्याध्यापक दारात उभा राहिला की वर्ग बदलतो, हे मी रोज पाहतो. तरी मुलांसाठी मी लपण लावत नाही. त्यांना विचारता येते, तीही मला जाब विचारू शकतात. पक्ष्याच्या बाबतीत ती सोय नाही. तिथे फसवणाऱ्यानेच फसवणूक शेवटपर्यंत नीट निभवावी लागते.

म्हणून जाणता छायाचित्रकार बाहेर पडतानाही साथीदाराला बोलावतो. साथीदार उघडपणे येतो, मादी त्याला पाहून दूर होते, आतला माणूस त्याच्याबरोबर झटपट निघून जातो. आत कोणी होते हे तिला कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती त्या गोणपाटाला भीत नाही.