जर्नल उतरवणाऱ्याची मुलाखत

बसू नकोस, उभाच राहा. चाकणच्या कंपनीनं तुला नाकारलं, यात रडण्यासारखं काही नाही. टेबलाच्या पलीकडे मी असतो, तर मीही नाकारलं असतं. आणि 'वशिल्याशिवाय तिथं कुणाला घेत नाहीत' असं जे तू कँटीनमध्ये सांगत सुटला आहेस, ते आधी बंद कर. वशिला चालतो, मला ठाऊक आहे. पण तुझ्या बाबतीत वशिल्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही. तू पहिल्याच प्रश्नाला आडवा झालास.

काय विचारलं होतं? 'स्वतःबद्दल सांगा.' तू नाव सांगितलंस, गाव सांगितलंस, दहावीचे टक्के सांगितलेस आणि थांबलास. हे सगळं त्यांच्या हातातल्या कागदावर होतंच की! मग त्यांनी विचारलं, कोणत्या खात्यात काम करायला आवडेल? तू म्हणालास, 'मिळेल ते करीन, सर.' तुला वाटलं, आपण नम्रपणा दाखवला. समोरच्यांनी अर्थ काढला की या पोरानं स्वतःचा कधी विचारच केलेला नाही. त्यांचं काय चुकलं?

तुझा बायोडेटा काढ. 'नामांकित संस्थेत काम करून स्वतःची व संस्थेची प्रगती साधणे.' हे वाक्य तुझं आहे? वर्गातल्या निम्म्या पोरांच्या कागदावर तेच आहे, स्पेलिंगच्या त्याच चुकीसकट. छंद म्हणे वाचन, क्रिकेट, संगीत. शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंस, असं विचारल्यावर छताकडे बघत बसलास. जे करत नाहीस ते लिहितोस कशाला?

पण रोग बायोडेटात नाही, त्याच्या फार आधीचा आहे. पहिल्या सत्रापासून तू जर्नल उतरवत आला आहेस. फायलिंगचा जॉब मित्राकडून घासून घेतलास. लेथवर दुसरा उभा राहिला आणि तू खिडकीशी मोबाइल चाळत राहिलास. प्रोजेक्ट चौघांच्या नावावर, काम एकाचं, आणि तो एक तू नव्हतास. तीन वर्षं दुसऱ्याचं उतरवलंस, मग मुलाखतीत स्वतःचं सांगायला उरणार काय? स्वतःची ओळख डोळे मिटून बसल्यानं होत नसते. कोणतं काम करताना जेवणाची सुट्टी झाल्याचं कळलं नाही, कोणत्या कामाला हात लावावासा वाटला नाही, कुठं चुकलास आणि ती चूक कशी धरलीस, हा हिशेब मांडला की स्वतःबद्दलचं उत्तर तयार होतं. पण हिशेब मांडायला आधी काम केलेलं असावं लागतं.

त्यांनी तुझ्या हातात व्हर्नियर दिला. लीस्ट काउंट विचारला. ०.०२ मिलिमीटर, हे पाठ होतं, फाडकन सांगितलंस. कसा आला, विचारल्यावर गप्प! अरे, मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरचे सरकपट्टीवर ५० भाग केलेले असतात. म्हणजे एक भाग ०.९८ मिलिमीटरचा, आणि मुख्य पट्टीच्या एका मिलिमीटरपेक्षा तो ०.०२ नं लहान. चौथीतल्या पोराला जमेल अशी वजाबाकी आहे. त्याहून वाईट पुढचं. जबडे मिटवून दोन्ही शून्यं जुळतात का, हे न बघताच तू माप घेतलंस. साहेब तुझ्या तोंडाकडे बघत नव्हते, हाताकडे बघत होते. जो झीरो एरर तपासत नाही, तो इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसून पेटीभर चुकीचे पार्ट पास करणार, हे त्यांना तिथंच दिसलं.

इंग्रजी कच्चं म्हणून पडलो, ही सबब माझ्यापुढे सांगू नकोस. मोडकंतोडकं इंग्रजी चालतं, अडलास तर मराठी-हिंदीतही ऐकून घेतात. पण ड्रॉइंग समोर ठेवल्यावर टॉलरन्स कुठं लिहिलाय हे ज्याला सापडत नाही, त्याला अस्खलित इंग्रजीसुद्धा वाचवत नाही.

आणि कंपनी काय बनवते, याचं उत्तर 'गाड्या'? रोज नाशिक रस्त्यानं भोसरी, मोशी, कुरुळी करत जातोस, त्या बाजूच्या भिंतींआड काय चालतं हे कधी जाणून घ्यावंसं वाटलं नाही? चाकणला बजाजकडे केटीएम आणि ट्रायम्फच्या मोटारसायकली बनतात. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला, तिथं आज स्कोडाच्याही गाड्या तयार होतात. आकुर्डीचं बघ. बजाजची चेतक स्कूटर १९७२ साली आली. त्याच आकुर्डीत २०२२ पासून विजेवरची चेतक बनते. नाव तेच राहिलं, पण कार्बोरेटर गेला आणि बॅटरी, मोटर, कंट्रोलर आले. तुझे वडील भोसरीत मशीनवर उभे राहून घर चालवतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या अनुभवावर तुझं भागणार नाही. सेन्सर आणि पीएलसी ही इलेक्ट्रिकलवाल्यांची कामं, असं म्हणायचे दिवस मेकॅनिकलवाल्यांनी विसरावेत.

सुधा मूर्तींची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. १९७४ साल. टाटांच्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत लिहिलं होतं की मुलींनी अर्ज करू नयेत. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या या सुधानं, तेव्हाच्या सुधा कुलकर्णीनं, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. इथवर सांगून टाळ्या घेता आणि थांबता. पुढचं कोण सांगणार? तिला मुलाखतीला बोलावलं ते इथंच, आपल्या पिंपरीत. समोर बसलेल्या मंडळींनी तांत्रिक प्रश्नांचा मारा केला आणि तिनं उत्तरं दिली. पोस्टकार्डानं दार उघडलं, आत घेतलं ते उत्तरांनी. तुला तर कंपनीनं स्वतःहून दार उघडून दिलं होतं. आत जाऊन तू काय केलंस?

'मिळेल ते करीन' हे यापुढं तोंडातून काढायचं नाही. कारखान्यात एकच काम नसतं. प्रॉडक्शनला पाळीचा आकडा गाठायचा असतो, माणसं सांभाळायची असतात. ज्याला चार लोकांशी बोलायचाच कंटाळा, त्यानं तिथं जाऊ नये. क्वालिटीत चिवटपणा लागतो. लाइन थांबली म्हणून सगळे ओरडत असतानाही 'हा पार्ट जाणार नाही' म्हणायची छाती लागते. मेंटेनन्सवाल्याला रात्री दोनला हाक आली तरी डोकं शांत ठेवून बिघाड शोधावा लागतो. टूलरूमला हाताची सफाई हवी आणि धीर हवा. तू यातला कोण? तिसरी पाळी तुझ्या अंगाला मानवते का? आठ तास उभं राहता येतं का? ही उत्तरं मी देऊ शकत नाही, तुझे वडील देऊ शकत नाहीत आणि मोबाइल तर नाहीच नाही.

बड्या पाटीचा मोहही सोड. भोसरीच्या एमआयडीसीत लहान लहान वर्कशॉप आहेत. तिथं एकच पोरगा सेटिंग करतो, मापं घेतो आणि संध्याकाळी डिस्पॅचचं चलनही बनवतो. पगार कमी असेल, शिकणं जास्त असतं. अप्रेंटिस म्हणून बड्या कंपनीत लागलास, तर १९६१ च्या कायद्यानुसार तू शिकाऊ असशील, कामगार नव्हे. मुदत संपल्यावर तुला ठेवून घेण्याचं बंधन, करारात तसं लिहिलं नसेल तर, कंपनीवर नसतं. म्हणून सही करण्याआधी कागद वाचायचा, आणि ते वर्ष स्टायपेंड मोजण्यात न घालवता काम हातात बसवण्यात घालवायचं. 'चाकणला चिकटवतो, एवढे पैसे दे' म्हणणारा चौकात भेटला, तर त्याच्या सावलीलाही उभा राहू नकोस.

मी ओरडतोय, कारण तू ढ नाहीस. ढ असतास तर एवढा वेळ घालवला नसता. तू आळशी आहेस, आणि आळशी माणसाला त्याचा आळस तोंडावर सांगावा लागतो.

आता ऐक. तो बायोडेटा फाडून टाक. कोऱ्या कागदावर, तीन वर्षांत जे काम खरोखर तुझ्या हातानं झालं, तेवढंच लिही. चार ओळी झाल्या तर चार. त्या प्रत्येक ओळीवर मी दहा प्रश्न विचारीन. ज्या ओळीचं उत्तर येणार नाही, ती मी खोडीन. कागद कोराच राहिला, तर लाजत बसू नकोस. वर्कशॉप पाचपर्यंत उघडं असतं आणि लेथ रिकामा आहे. सत्र संपायला अजून अवकाश आहे. पुढच्या कंपनीत कुणी 'स्वतःबद्दल सांगा' म्हणालं, तर हातानं केलेल्या एका कामापासून सुरुवात करायची. तसं एकही काम नसेल, तर अर्जच करू नकोस.