दफ्तर कुणाचे?

मराठीत ‘दफ्तर’ या शब्दाला दोन घरे आहेत. शाळेला निघालेल्या मुलाच्या पाठीवर असते ते दफ्तर, आणि कचेरीच्या मांडणीवर फडक्यात बांधून ठेवलेले असते तेही दफ्तरच. पहिल्याचा मालक कोण हे सांगावे लागत नाही. मूल ते हवे तेव्हा उघडते, मिटते आणि हरवले तर रडते. दुसऱ्याचा मालक कोण, हा प्रश्न मात्र आपल्याकडे दीर्घकाळ कुणी नीट विचारलाच नाही. ते साहेबाचे, ते सरकारचे, अशी उत्तरे आपण सवयीने देत आलो. कायद्याने या प्रश्नाचे उत्तर आता दिले आहे. परंतु कायद्याचे उत्तर आणि मनाचे उत्तर यांत अंतर असू शकते. ते अंतर मोजून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सोलापूरच्या सात रस्त्यावर शासकीय विश्रामगृह आहे. मंत्री किंवा मोठा अधिकारी मुक्कामाला आला की अशा जागी माणसे हातात कागद घेऊन उभी राहतात. त्या कागदाला आपण ‘निवेदन’ म्हणतो. निवेदन देणाऱ्याची मान थोडी वाकलेली असते, कारण देणे न देणे समोरच्याच्या मर्जीवर असते. याच शहरात एखादा नागरिक महापालिकेत जाऊन म्हणतो, “आमच्या गल्लीतील रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका मला पाहावयाची आहे.” या दोघांत मोठा फरक आहे. पहिला कृपा मागतो, दुसरा आपलीच वस्तू पाहू इच्छितो. खेदाची गोष्ट अशी की दुसराही पुष्कळदा पहिल्याच्याच स्वरात बोलतो, आणि टेबलापलीकडचा मनुष्यही त्याला पहिल्यासारखेच वागवतो.

वास्तविक त्या पुस्तिकेवर हक्क कुणाचा? सोलापुरात नगरपालिका १८५२ साली आली आणि १९६४ साली तिची महानगरपालिका झाली. एवढ्या काळात तिच्या वह्यांत गावाचा जन्म-मृत्यू लिहिला गेला, घरपट्टी लिहिली गेली, नळजोडांचा आणि ठेक्यांचा हिशेब लिहिला गेला. कागद, शाई आणि लिहिणाऱ्याचा पगार, तिन्हींचा खर्च गिरणीतल्या कामगाराने, यंत्रमाग चालविणाऱ्याने आणि विडी वळणाऱ्या बाईने कराच्या रूपाने उचलला. ज्याच्या पैशाने आणि ज्याच्याविषयी लिहिले गेले, त्याचे ते लेखन. कारकुनाकडे त्याचा सांभाळ आहे, मालकी नाही. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याला आपण विश्वस्त म्हणतो, आणि विश्वस्ताचे पहिले कर्तव्य हेच की मालकाने विचारताच ठेव दाखवावी.

आपल्या राज्यकर्त्यांना ही गोष्ट सहजासहजी पटली नाही. इंग्रजांनी १९२३ साली शासकीय गुपितांचा कायदा केला आणि स्वातंत्र्यानंतरही तो आपण जपून ठेवला. पुण्याचे पेशवे दफ्तर बराच काळ संशोधकांना मोकळेपणाने पाहता येत नव्हते. १९३० नंतर गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले, तेव्हा महाराष्ट्राला आपलाच इतिहास कागदोपत्री भेटला. युरोपात स्वीडनने मात्र १७६६ सालीच सरकारी कागद पाहण्याचा हक्क कायद्याने दिला होता. त्यासाठी झटणाऱ्यांत आन्देर्स खिडेनियस हा एक धर्मोपदेशक होता, ही गोष्ट आपणास विचार करावयास लावणारी आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली राजनारायण खटल्यात, सार्वजनिक सेवक सार्वजनिक रीतीने जे करतात ते जाणून घेण्याचा जनतेला अधिकार आहे, असे तत्त्व मांडले. १९९४ साली राजस्थानातील कोटकिराना येथे मजूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी भरवली. अशा सुनावण्यांत हजेरीपट मोठ्याने वाचले जात, आणि आपल्या नावावर न केलेल्या कामाची मजुरी कुणी उचलली, हे त्या त्या मजुराला तिथे प्रथमच कळे. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा कायदा अमलात आला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णपणे लागू झाला. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, आणि प्रश्न जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांत उत्तर, अशी त्याची साधी रीत आहे.

इतके झाल्यावर नैतिक प्रश्न उरतो कुठे, असे कुणी विचारील. तो कुठे उरतो हे समजण्यासाठी सोलापुरातीलच एक जुनी जखम पाहू. शहराच्या एका भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यात लागू झाल्यावर, जन्मानेच गुन्हेगार ठरविलेल्या कुटुंबांची एक मोठी वसाहत इथे तारेच्या कुंपणात वसविण्यात आली. त्या माणसांची नावे सरकारी वहीत होती, त्यांची हजेरी घेतली जात होती. त्या वहीत आपल्याविषयी काय लिहिले आहे हे मात्र त्यांतील कुणालाही विचारण्याची सोय नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि कुंपण गेले. आज त्याच घरांतील नातवंडांना जातीचा दाखला हवा असेल, तर विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. म्हणजे ज्या लेखणीने आजोबाला कुंपणात घातले, त्याच लेखणीची एखादी ओळ शोधत नातू कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतो. ती ओळ सापडली तर महाविद्यालयाचे दार उघडते. न सापडली तर बंद होते. म्हणूनच दफ्तराला नुसते रद्दीचे कपाट समजणे चूक आहे. माणसाने कोण व्हावे हेही त्यात पुष्कळदा ठरत असते. अशा वहीवर एकाच बाजूची नजर असणे हा अन्याय आहे, मग लिहिणारा कितीही सज्जन असो.

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्हींना काही आधार आहे.

पहिला आक्षेप असा की वही मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे. आपल्या समाजात भिडेला फार मोल आहे; ओळखीच्या ग्रामसेवकाला हिशेब कसा विचारावा, असे आपल्याला वाटते. परंतु संत पौलाने यरुशलेममधील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा त्याने ती एकट्याच्या हातात ठेवली नाही. मंडळ्यांनी निवडलेला मनुष्य सोबत घेतला, आणि कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये अशी आपली भूमिका करिंथकरांना पत्रात कळविली. प्रेषितावर अविश्वास होता म्हणून हे झाले नाही. प्रामाणिक मनुष्याला उघडी वही हे संरक्षण असते. जिथे काहीच दाखविले जात नाही, तिथे सज्जन आणि लबाड यांच्यातील फरक लोकांना कळण्याचा मार्गच उरत नाही, आणि संशयाचा भार अखेर सज्जनालाच वाहावा लागतो.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. सर्वच उघडे करावयाचे, तर माणसाची अब्रू कुठे राहील? या बाबतीत १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्याने मोठा विवेक दाखविला आहे. मृत्यूच्या नोंदीचा उतारा मागता येतो. परंतु त्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड केले जात नाही. मनुष्य गेला ही गोष्ट गावाची. तो कशाने गेला ही गोष्ट घराची. पापनिवेदनाचे रहस्य आपली ख्रिस्तसभा प्राणापलीकडे जपते, तेही याच जाणिवेने. मग कसोटी कोणती लावावी? मला वाटते, ती अशी: हे गुपित कुणाला झाकते? दुबळ्याला झाकत असेल तर ते पांघरूण आहे, सत्ता असलेल्याला झाकत असेल तर तो पडदा आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम बदलून नकाराची कक्षा रुंद केली. व्यापक जनहितासाठी माहिती देता येते, ही दुसरी तरतूद कायद्यात शिल्लक आहे खरी. तरीही पांघरुणाच्या नावाखाली पडदा शिवला जात नाही ना, हे पाहणे नागरिकांचे काम आहे. रुग्णाचा आजार झाकावा. रुग्णालयाच्या औषधखरेदीचे बिल झाकू नये.

तिसरा आक्षेप गैरवापराचा. माहिती काढावयाची, तिने कुणाला तरी धमकवावयाचे आणि पैसे घेऊन गप्प बसावयाचे, असा धंदा करणारे लोक आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी जमिनींच्या व्यवहारांची माहिती काढली, आणि १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरावयास गेले असता त्यांचा खून झाला. सत्य शोधण्याची एवढी किंमत एक माणूस देतो, तेव्हा चार लबाडांचे कारण पुढे करून दार लावून घेणे शोभत नाही. शिवाय धमकी चालते ती मुळात कागद झाकलेला असतो म्हणून. जो कागद सर्वांना दिसतो, त्याची भीती कुणी कुणाला घालावी?

आता खरी अडचण. दार उघडे असूनही पुष्कळांना आत जाता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी निर्णय काढून, जिल्हास्तरावरील कचेऱ्या आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे ठरविले. निर्णय स्तुत्य आहे. पण विडी वळणाऱ्या बाईचा सोमवार तिला फुकट मिळत नाही. दोन तासांसाठी तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. वही समोर आली तरी ती वाचता यावी लागते. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुने कागद मोडीत आणि मोडी वाचणारे थोडे, ही अडचण साऱ्या महाराष्ट्राला दिसली. मोडी सोडा, देवनागरीत लिहिलेली ‘अंदाजपत्रक’, ‘निविदा’, ‘तरतूद’ ही अक्षरेही पुष्कळांना मोडीइतकीच परकी आहेत. न वाचता येणारी उघडी वही ही बंद वहीच होय.

इथे सरकारचे कर्तव्य संपून आपले सुरू होते. आपल्या धर्मग्रामात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत आणि कचेऱ्यांत आयुष्य घालविलेले लोक आहेत, महाविद्यालयात शिकणारी मुले आहेत. शेजारच्या बाईबरोबर एका सोमवारी जाऊन तिच्या घरपट्टीचा उतारा तिला वाचून दाखविणे, तिच्या नातवासाठी शाळेच्या जुन्या रजिस्टरातील नोंद शोधणे, या कामाला भाषण लागत नाही की संघटना लागत नाही. आजाऱ्याला भेटणे ही दयेची कृती आहे असे आपण लहानपणी शिकलो. अडाण्याला ज्ञान देणे हीदेखील त्याच यादीत आहे. ज्ञान म्हटले की आपल्याला धर्मशिक्षणाचा वर्ग आठवतो. सातबारा वाचून दाखविणाऱ्यालाही त्या यादीत जागा असावी.

आणि ज्याने दुसऱ्याचे दफ्तर उघडा म्हणावयाचे, त्याने आपलेही उघडे ठेवावे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मगुरूंना विवाहांची वही ठेवावयास सांगितले. नोंद ठेवण्याची ही शिस्त आपल्याकडे सरकारी नोंदणीहून जुनी आहे. १९८३ च्या धर्मनियमावलीनुसार स्वभावतःच सार्वजनिक असलेल्या आणि आपल्या वैयक्तिक स्थितीशी संबंधित अशा कागदांची प्रत मिळण्याचा संबंधितांना हक्क आहे. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब कारभाऱ्यांनी श्रद्धावंतांना द्यावा, असेही तिच्यात सांगितले आहे. किती धर्मग्रामांत हा हिशेब रविवारी वाचला जातो, आणि वाचला जातो तिथे किती जण तो कान देऊन ऐकतात? आकडे सुरू होताच आपण मिस्सा संपल्याची वाट पाहू लागतो. हिशेब देणे हे जसे एकाचे कर्तव्य, तसे तो लक्षपूर्वक ऐकणे हे दुसऱ्याचे. ऐकणारेच नसतील तर सांगणाराही हळूहळू सांगेनासा होतो. मग दोष एकट्या सांगणाऱ्याचा कसा म्हणावा?

लोकशाहीतील कचेरीचेही असेच आहे. कायदा आहे, फी माफक आहे, वारही ठरवून दिला आहे. तरीही सोमवारी दुपारी तीन वाजता कचेरीतील ती खुर्ची रिकामी राहिली, तर दफ्तराला पुन्हा कुलूप लागण्यास कुणा हुकूमशहाची गरज पडणार नाही. त्यावर साचलेली धूळ पुरेशी होईल. दफ्तर कुणाचे, या प्रश्नाचे कागदावरचे उत्तर आपल्या बाजूने लागले आहे. ते खरे करावयाचे तर आपल्यातील कुणीतरी तिथे जाऊन, वही पुढ्यात घेऊन, पान उलटले पाहिजे.